रेणूचं शेपूट आणि लघवीचा रिपोर्ट

१२ जुलै २०१६. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका वस्तीत एकाच दिवशी ३३ माणसं शुद्ध हरपल्यासारखी रस्त्यावर सापडली. पेपरवाल्यांनी 'झॉम्बी' असा मथळा दिला. अठरा जणांना रुग्णालयात हलवलं आणि त्यांपैकी आठ जणांचे नमुने पुढे बारकाईने तपासले गेले. त्यांनी ओढलेली पुडी होती 'एके-४७ २४ कॅरट गोल्ड' नावाची. तिच्यात निघालं एएमबी-फ्युबिनाका, म्हणजे गांजासारखा परिणाम करणाऱ्या कृत्रिम रसायनांपैकी (सिंथेटिक कॅनाबिनॉइड) एक, ग्रॅमभर पाल्यात सरासरी १६ मिलिग्रॅम. आठही जणांच्या रक्तात आकडे मिळाले खरे, पण ते या रेणूचे नव्हते. त्याचा एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणारा बंध) तुटून जे आम्ल उरतं त्याचे होते, मिलिलिटरला ७७ ते ६३६ नॅनोग्रॅम.

म्हणजे पुडीतल्या पदार्थाचं मानक (ताडून बघायचा शुद्ध नमुना) आणलं, मशीनवर (रेणू फोडून वजनं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) त्याच्या दोन खुणा, म्हणजे मूळ वजन आणि तुकड्याचं वजन अशा दोन जोड्या, बसवल्या आणि रक्तात तेवढंच शोधलं, तर समोर बेशुद्ध पडलेल्या माणसाचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येण्याची सोय आपण स्वतःच करून ठेवतो. सिंथेटिक कॅनाबिनॉइडच्या तपासणीत मशीन किती महागडं आहे याला मी दुसरा नंबर देतो. पहिला नंबर कागदावर रेणू काढून बघण्याला. तो कुठे तुटणार, कुठे चिकटणार, कुठल्या पीएचला कुठे जाणार, हे त्या चित्रात बहुतेक दिसतं.

चित्र वाचायला अवघड नाही. यातल्या बहुतेक रेणूंचे चार भाग पडतात: मधला गाभा (इंडोल किंवा इंडॅझोल), गाभ्याच्या नायट्रोजनवर लटकलेलं शेपूट, गाभ्यातून निघालेला दुवा (कीटोन, एस्टर किंवा अमाइड) आणि दुव्याच्या टोकाचं डोकं. नावातच निम्मं सांगितलेलं असतं. फ्युबिनाकामधला 'फ्युब' म्हणजे फ्लुओरोबेंझिल शेपूट, 'इनाका' म्हणजे इंडॅझोल कार्बोक्सामाइड. पिनाका असेल तर शेपूट पेंटिलचं. पुढची एएमबी, एबी, एडीबी, एमडीएमबी ही अक्षरं डोक्याची. या अक्षरांच्या शेवटी 'एमबी' आलं की तिथे मिथाइल एस्टर आहे. ही अक्षरं दिसली की कान टवकारायचे.

आधी कार्ड टेस्टचा विषय संपवतो. लघवीत बुडवायच्या पट्टीवरची टीएचसीची (गांजातल्या नशेच्या घटकाची) रेघ त्याच्या एका मेटाबोलाइटसाठी (शरीरात बदलून होणाऱ्या पदार्थासाठी), म्हणजे कार्बोक्सी-टीएचसीसाठी बनवलेल्या प्रतिपिंडावर चालते. अमेरिकेच्या सरकारी तपासणीत तिची सीमा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आहे. इंडॅझोलचा रेणू आणि टीएचसी मेंदूतल्या एकाच सीबी१ रिसेप्टरवर जाऊन बसतात, पण प्रतिपिंडाला रिसेप्टरशी देणंघेणं नसतं, त्याला आकार लागतो. दोघांचे आकार वेगळे, म्हणून रेघ हलत नाही. जेडब्ल्यूएच-०१८ या सुरुवातीच्या सिंथेटिकच्या मेटाबोलाइटसाठी वेगळी किट निघाली, पण तीही त्या घराण्यापुरतीच. डोकं नॅफ्थिलचं होतं तोवर ठीक, व्हॅलिनचं (एएमबी, एबीसारखं) आलं की किट आंधळं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना एवढंच सांगायचं की पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे 'सिंथेटिक नाही' असा अर्थ काढू नका.

आता एस्टर. एएमबी-फ्युबिनाकाच्या टोकाचा मिथाइल एस्टर यकृतातलं कार्बोक्झिलएस्टरेज-१ हे एन्झाइम झपाट्याने कापतं. मूळ रेणू तेलकट, भाररहित. कापल्यावर उरलेलं आम्ल रक्ताच्या पीएचला, म्हणजे ७.४ ला, पूर्ण आयनित असतं. त्यामुळे ते चरबीत शिरत नाही, रक्तद्रवात राहतं आणि लघवीत उतरतं. मूळ रेणू शोधायला गेलात तर पकड काही तासांची. आम्ल धरलंत तर कितीतरी लांबची. ५एफ-एडीबी (नावात एमबी नसलं तरी हाही मिथाइल एस्टरच) आणि एमडीएमबी-४ईएन-पिनाका यांचंही हेच. लघवीत त्यांची मुख्य खूण म्हणजे एस्टर तुटून झालेलं ब्युटॅनॉइक आम्ल.

हे तुटणं शरीरात संपत नाही, नळीतही चालू राहतं. म्हणून रक्त घ्यायचं ते सोडियम फ्लुओराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या करड्या टोपणाच्या नळीत. फ्लुओराइड एस्टरेजला बऱ्यापैकी लगाम घालतं, पूर्ण नव्हे. नळी लगेच थंड करायची, त्या दिवशी तपासणी होणार नसेल तर उणे २० अंशांवर ठेवायची. नमुना दुपारभर टेबलावर पडून राहिला आणि मग मूळ रेणू सापडला नाही, तर तो पेशंटच्या शरीरात संपला की नळीत, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. म्हणून नमुना किती वाजता घेतला आणि फ्रीजरमध्ये कधी गेला या दोन्ही वेळा फॉर्मवर हव्यातच.

लघवीच्या बाबतीत मोठी चूक जुन्या सवयीतून होते. गांज्याच्या कन्फर्मेशनसाठी कार्बोक्सी-टीएचसीला शरीराने जोडलेला साखरेसारखा तुकडा (ग्लुकुरोनाइड) सोडवायला कितीतरी प्रयोगशाळा सोडियम हायड्रॉक्साइड घालून नमुना तापवतात. तिथे ते उत्तम चालतं. तीच पद्धत इथे लावली तर नमुन्यात जो काही मिथाइल एस्टर शिल्लक असेल त्याचा अक्षरशः साबण होतो, आणि आम्लाचा आकडा फुगतो. इथे एन्झाइमच वापरायचं. साधारण ५०० मायक्रोलिटर लघवी घ्यायची, बफर घालायचा, अंतर्गत मानक, म्हणजे ठरावीक मापाने मिसळायचा ओळखीचा रेणू, सुरुवातीलाच घालायचं (नंतर घातलं तर आधी काय हरवलं ते कळत नाही) आणि बीटा-ग्लुकुरोनिडेज टाकून तासभर गरम ठेवायचं. ई. कोलायचं एन्झाइम ६.८ च्या आसपासच्या पीएचला काम करतं. गोगलगायीपासून काढलेल्याला ५ च्या जवळचा पीएच आणि ५५ ते ६० अंश लागतात. जेडब्ल्यूएच घराण्यात ही पायरी टाळता येत नाही, कारण शेपटावर हायड्रॉक्सिल बसलेले त्यांचे मेटाबोलाइट लघवीत जवळपास सगळे ग्लुकुरोनाइडला बांधलेले असतात. हायड्रॉलिसिस न करता बघितलं तर उंच शिखराच्या जागी टेकाड दिसतं. फ्युबिनाका-पिनाकांची आम्लं मात्र बरीचशी मोकळी सापडतात.

त्यानंतर एक्स्ट्रॅक्शन. अँफेटामाइन-मॉर्फिनच्या सवयीने हात आपोआप अमोनियाच्या किंवा कार्बोनेटच्या बाटलीकडे जातो, पीएच ९-१० करायला. मूळ रेणू भाररहित असल्यामुळे त्याला पीएचचं सोयरसुतक नसतं, तो वरच्या थरात येतो आणि सगळं ठीक चाललंय असा भास होतो. आम्ल मात्र त्या पीएचला पूर्ण आयनित, ते पाण्यात बसून राहतं आणि आपण खालचा थर सिंकमध्ये ओततो. म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप केला तेच गेलं. पीएच ३ ते ४ वर आणलात की दोघं एकत्र वर येतात. सॉल्व्हंट म्हणून टर्ट-ब्युटिल मिथाइल ईथर किंवा हेक्झेन आणि एथिल ॲसिटेटचं मिश्रण चालतं. नमुने थोडे आणि घाई असेल तर थंड ॲसिटोनाइट्राइलने प्रथिनं खाली बसवून वरचं द्रावण घ्या. ते कमी स्वच्छ असतं, पण पीएचच्या चुकीतून तरी वाचवतं.

आता ज्या सापळ्यात मुरलेली माणसंही पाय अडकवून घेतात तो.

एएमबी-फ्युबिनाकाला एक भाऊ आहे, एबी-फ्युबिनाका. सगळं सारखं, फक्त टोकाला मिथाइल एस्टरऐवजी अमाइड. मशीनमध्ये प्रोटॉन चिकटल्यावर एस्टरवाला ३८४ या वजनाला दिसतो, अमाइडवाला ३६९ ला. फोडल्यावर दोघांचे तुकडे तेच: ३२४, २५३ आणि १०९. शेवटचा म्हणजे फ्लुओरोबेंझिल शेपूट. अमाइडचं टोकही शरीरात तुटतं, एस्टरपेक्षा सावकाश, पण तुटून होतं तेच आम्ल, ३७० चं. म्हणजे लघवीत फक्त आम्ल सापडलं तर ते कुठल्या भावाचं, हे एवढ्यावरून ठरत नाही. रिपोर्टात 'एएमबी-फ्युबिनाका आढळले' असं लिहून मोकळं होणं चूक. एबी-फ्युबिनाका न तुटलेलं किंवा हायड्रॉक्सिल लागलेलं सापडतंय का, ते आधी बघा.

यातही एक पेच आहे. आम्ल ३७० आणि अमाइड ३६९, फरक एकाचा. अमाइडच्या रेणूत वीस कार्बन. निसर्गातला दर शंभरातला साधारण एक कार्बन जड, म्हणजे कार्बन-१३ असतो. त्यामुळे अमाइडच्या शंभर साध्या रेणूंमागे बावीसच्या आसपास रेणू एकाने जड निघतात आणि तेही ३७० ला येऊन बसतात. ट्रिपल क्वाडचा (दोन वजन-फिल्टर आणि मध्ये रेणू फोडायची जागा असलेल्या मशीनचा) पहिला फिल्टर त्यांना बिनदिक्कत आत सोडतो. आता हिशेब करा. १०९ च्या तुकड्यात सात कार्बन राहतात, तेरा निघून जातात. जड कार्बन त्या तेरांपैकी एक असेल तर तुकडा बरोबर १०९ लाच दिसणार. म्हणजे ३७० ते १०९ या खुणेवर अमाइडच्या सिग्नलचा जवळपास १४ टक्के भाग घुसखोर. ३७० ते २५३ वर पाच कार्बन निघून जातात, म्हणून साडेपाचच्या आसपास. ३७० ते ३२४ वर निघून जाणारा कार्बन एकच, म्हणून एक टक्क्याच्या आसपास. सर्वांत उंच शिखर बहुतेक वेळा १०९ चं असतं म्हणून मोजायला तेच निवडलं जातं, आणि घुसखोरी तिथेच सर्वांत जास्त. आम्ल शून्य असलेल्या नमुन्यात ते 'सापडतं' ते असं.

ओळखायचं कसं? आयन रेशो, म्हणजे दोन तुकड्यांच्या शिखरांचं गुणोत्तर, बघा. घुसखोराचं १०९ फुगलेलं असतं आणि ३२४ जवळपास नसतंच, शुद्ध आम्लाच्या मानकाशी ते जुळत नाही. मोजायला ३२४ घ्या, १०९ पुष्टीपुरता ठेवा. आणि कॉलमवर (मशीनच्या आधी रेणू वेगळे करणाऱ्या नळीत) ही दोघं वेगळी व्हायलाच हवीत. नुसतं एबी-फ्युबिनाका भरपूर तीव्रतेत घालून एकदा चालवा, आम्लाच्या खिडकीत काय उगवतं ते दिसेल. हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे आणि व्हॅलिडेशनच्या फायलीत तो क्वचितच असतो. हाय रिझोल्यूशनचं मशीन असेल तर आम्ल ३७०.१५६ ला आणि जड अमाइड ३७०.१७६ ला येतं. ही फट दिसायला रिझोल्यूशन वीस हजाराच्या बरंच वर लागतं.

शेपटाची भानगड निराळी. जेडब्ल्यूएच-०१८ हा दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी बनलेला रेणू, २००८ च्या अखेरीस जर्मनीत 'स्पाइस'च्या पुड्यांत ओळखला गेला. त्याचं शेपूट पेंटिलचं. त्याच शेपटाच्या टोकाला एक फ्लोरिन लावलं की होतो एएम-२२०१. दोन्ही २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत एकत्रच गेले. लघवीतही ते एकमेकांत मिसळतात. शरीर एएम-२२०१ चा तो फ्लोरिन उडवून तिथे हायड्रॉक्सिल बसवतं, आणि मग हाती लागतात जेडब्ल्यूएच-०१८ चेच ५-हायड्रॉक्सी आणि पेंटॅनॉइक आम्ल. ही दोनच मानकं विकत आणलेली प्रयोगशाळा दोघांनाही जेडब्ल्यूएच-०१८ म्हणणार. फरक कळतो शेपटाच्या चौथ्या कार्बनवर. तिथे हायड्रॉक्सिल लागून फ्लोरिन टिकलेला असेल तर एएम-२२०१. फ्लोरिनशिवायचा ४-हायड्रॉक्सी मिळाला तर जेडब्ल्यूएच-०१८. मानक महाग पडतं हे खरं, पण आरोपपत्रात एकच नाव लिहायचं असेल तर हा खर्च टाळता येत नाही.

इथे वस्तुमान मदतीला येत नाही, येतो तो कॉलमवरचा वेळ. ४-हायड्रॉक्सी आणि ५-हायड्रॉक्सी यांचं वजन एकच, तुकडेही जवळपास तेच, १५५ चा नॅफ्थॉइल आणि १२७ चा नॅफ्थिल. दहा मिनिटांची पद्धत चारवर आणायचा मोह सगळ्यांना होतो. आणलीत की ही दोन शिखरं एकमेकांच्या पोटात शिरतात.

एक्सएलआर-११ मध्ये गडबड उष्णतेची. त्याच्या डोक्यावर चार मिथाइल लावलेलं सायक्लोप्रोपेनचं कडं आहे, तीन कार्बनांचं, ताणलेलं. विडीच्या टोकाशी ते उघडतं. म्हणजे माणसाच्या फुप्फुसात जातो तोच बदललेला रेणू, वजन तेच, रचना वेगळी, आणि लघवीत त्याचे मेटाबोलाइट दिसतात. पण जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफीचा) इंजेक्टर २५० अंशांवर असतो आणि तेच कडं तोही उघडतो. मग विडीत काय झालं आणि इंजेक्टरमध्ये काय, याचा निवाडा होणार कसा? एक्सएलआर-११ आणि त्याच डोक्याचा यूआर-१४४ यांच्यासाठी एलसीच, म्हणजे द्रवातून वेगळं करणारी क्रोमॅटोग्राफी.

जीसीबद्दल तोंड उघडलंच आहे तर मिथेनॉलचंही सांगून टाकतो. पीबी-२२ सारख्या रेणूंत दुवाच एस्टरचा आहे आणि टोकाला क्विनोलिन, जे पटकन सुटतं. असा नमुना मिथेनॉलमध्ये विरघळवून तापलेल्या इंजेक्टरमध्ये टाकला की क्विनोलिन जातं, मिथेनॉल त्याची जागा घेतं आणि क्रोमॅटोग्रामवर एक 'नवीन' मिथाइल एस्टर उगवतो. कुणीतरी हौसेने त्याला नवा ड्रग म्हणतं. ॲसिटोनाइट्राइल किंवा एथिल ॲसिटेटमध्ये तोच नमुना पुन्हा टाका. नवा ड्रग नाहीसा झाला तर तो तुमच्या बाटलीतून आला होता.

तेलकटपणाचा त्रास बारीक असतो, पण रोजचा. जेडब्ल्यूएच-०१८ चा लॉगपी हिशेबाने सहाच्या आसपास येतो, म्हणजे पाण्यापेक्षा तेलात राहण्याची ओढ दहा लाख पटींच्या घरातली. असा रेणू पाण्यातल्या पातळ द्रावणात राहायला नाखूश असतो, भिंतीला जाऊन चिकटतो. कॅलिब्रेशनची मानकं पाण्यात करून पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत ठेवलीत की खालचे बिंदू वाकतात, आणि वाकतात तेही फक्त खालचे, कारण भिंतीवरच्या जागा मर्यादित असतात. मानकं कोऱ्या लघवीत किंवा रक्तातच बनवा, काच वापरा, शेवटचं द्रावण निम्मं तरी ऑर्गॅनिक असू द्या. उलट बाजूने हाच रेणू ऑटोसॅम्प्लरच्या सुईलाही चिकटतो. जोरदार पॉझिटिव्हनंतर दोन कोरे नमुने चालवल्याशिवाय पुढचा 'किंचित पॉझिटिव्ह' मानू नका. शिवाय हे मूळ रेणू कॉलमवरून उशिरा उतरतात, नेमके रक्तातल्या फॉस्फोलिपिडांच्या गर्दीत, आणि सिग्नल दबतो. ड्यूटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) अंतर्गत मानक त्याच रेणूचं नसेल तर हा दाब भरून निघत नाही. आम्लं लवकर उतरतात, त्यांचा त्रास वेगळा, पण हा नव्हे.

लाळेत मात्र चित्र उलटतं. तिथे मूळ रेणूच सापडतो, कारण तो बहुतांशी रक्तातून आलेला नसतो, धुराने तोंडात सोडलेला असतो. त्यामुळे लाळेतल्या आकड्यावरून रक्तातला आकडा काढणं निरर्थक. नुकतंच ओढलं का, एवढंच ती चांगलं सांगते. चिकटण्याचा शाप इथेही आहेच. लाळ टिपायच्या बोळ्यातच बराच भाग अडकतो, म्हणून बोळा बफरमध्ये रात्रभर भिजू द्यावा लागतो आणि किती परत मिळालं ते प्रत्येक रेणूसाठी वेगळं तपासावं लागतं.

रक्तात वेळ किती मिळतो? जेडब्ल्यूएच-०१८ चा मोजून दिलेला धूर ओढल्यावर पाचेक मिनिटांत सीरममध्ये मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या आसपास शिखर दिसलं आणि पुढच्या तीन तासांत ते झपाट्याने उतरलं. त्यामुळे मूळ रेणूसाठी पद्धतीची तळसीमा ०.१ नॅनोग्रॅमच्या आसपास नसेल तर ती फारशी उपयोगाची नाही. रोज ओढणाऱ्याची गोष्ट वेगळी. चरबीत साठलेलं हळूहळू झिरपत राहतं आणि बंद केल्यावरही बरेच दिवस सूक्ष्म प्रमाण दिसत राहतं. एकच कमी आकडा, मग तो 'काल रात्री एकदा'चा की 'महिनाभर रोज'चा? एका नमुन्यावर उत्तर देऊ नका.

आणि यादी थांबत नाही. १ जुलै २०२१ ला चीनने सिंथेटिक कॅनाबिनॉइडवर घराण्यानुसार बंदी घातली. त्यानंतर बाजारात हायड्रॅझाइड दुव्याची ऑक्सिझिड मंडळी आली, आणि गाभ्यावर ब्रोमिन लावलेलीही. ब्रोमिनवाल्यांचा एक फायदा: ७९ आणि ८१ हे त्याचे दोन समस्थानिक जवळपास सारख्या प्रमाणात असल्यामुळे दोन अंकांच्या फरकाने जुळी शिखरं दिसतात, यादीत नसलं तरी नजरेत भरतात. बाकीच्यांसाठी फुल स्कॅनचा कच्चा डेटा जपून ठेवायचा. आजचा 'निगेटिव्ह' सहा महिन्यांनी नवं मानक आल्यावर त्याच फायलीत पुन्हा शोधता येतो, नमुना संपलेला असला तरी. ट्रिपल क्वाडवर फक्त ठरवलेल्या खुणा नोंदवल्या असतील तर ती सोय राहत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात रचना न बघता सीबी१ रिसेप्टर किती चेततो तेच पेशींवर मोजणारी चाचणी विकसित झाली आहे. नाव सांगत नाही, पण 'इथे काहीतरी आहे' हे सांगते.

रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत मी नुसतं 'सिंथेटिक कॅनाबिनॉइड आढळले नाहीत' लिहीत नाही. कुठली मूळ रसायनं आणि कुठले मेटाबोलाइट शोधले, प्रत्येकाची तळसीमा किती, नमुना नळीत किती तास कुठल्या तापमानाला होता आणि यादी कुठल्या महिन्यापर्यंत अद्ययावत आहे, एवढं खाली येतं. पान थोडं लांबतं.